सोमवारचा नमुना

माझ्या सासूबाई शेजारणींना सांगतात, सून दुधाच्या खात्यात आहे. ते तसं खोटं नाही. गाय व्यायली तरच दूध, आणि गाय गाभण राहण्यासाठी जे लागतं ते मी तपासते. पंचवीस वर्षं झाली. सकाळी काशीतल्या मंगला गौरीच्या गल्लीतून मैदागिनपर्यंत चालत जायचं, तिथून ऑटो, गंगेवरचा पूल ओलांडून रामनगरच्या बाजूला आमचं केंद्र. तिथे वळू आहेत, रेडे आहेत, एक प्रयोगशाळा आहे आणि प्रयोगशाळेला हातभर रुंदीची एक खिडकी आहे. खिडकीच्या पलीकडे अंगण. तिथे वळूचं वीर्य काचेच्या नळीत घेतात आणि ती नळी खिडकीतून माझ्या हातात येते. पुढचं काम माझं.

घरी कोणी पाहुणा खोलात शिरून विचारू लागला की सासूबाई मध्येच म्हणतात, ‘‘अगं, चहाचं बघ.’’ चहा आधीच झालेला असतो. अंड्यांचंही त्यांना ठाऊक आहे. वीर्य गोठवताना जे मिश्रण घालतात त्यात अंड्याचा बलक लागतो. आठवड्याला मी डझनावारी अंडी फोडते. भिक्षुकीचं घर आमचं. पण सासऱ्यांनी लग्नाआधीच सांगितलं होतं, नोकरी ही नोकरी, संध्याकाळी घरी आल्यावर हातपाय धुवा म्हणजे झालं. मी आंघोळच करते. प्रश्न मिटला.

तर त्या वर्षी आमच्याकडे बाकी सगळे रेडे आणि वळू एकच, गंगातिरी जातीचा. पांढराशुभ्र, मोठ्या डोळ्यांचा, चालताना घाई नसलेला. कागदावर त्याचा नंबर सतरा. त्याला सांभाळणारे चाचा त्याला ‘महराज’ म्हणत. चाचा निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, गावाकडचे, अंगाने काटक, तोंडात सदा पान. सतरा नंबर त्यांच्याच गायीच्या पोटचा. वासरू असताना केंद्राने निवडून घेतला आणि चाचा त्याच्यामागोमाग इथे बदली मागून आले. बायको गावी, मुलं सुरतेला, आणि चाचा महराजांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत.

आमच्या कामात वळूची किंमत त्याच्या रूपावर ठरत नाही. थेंबभर वीर्य काचेच्या पट्टीवर घ्यायचं, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. चांगल्या नमुन्यात ढग भरून आल्यासारखी लाट दिसते. लाखो शुक्राणू एकाच वेळी पोहत असतात. हे पोहणं फुकट होत नाही. शुक्राणूच्या मानेशी तंतुकणिका गुंडाळलेल्या असतात, हातपंपाच्या दांडीला सुतळी गुंडाळावी तशा. त्या प्राणवायू घेऊन ताकद बनवतात. शेपटी लांब, तिथपर्यंत ही ताकद पुरत नाही, म्हणून शेपूट स्वतः साखर जाळते. वळू आपल्या वीर्यात थोडी साखर बरोबरच देतो. वाटेवरची शिदोरी म्हणा. जो शुक्राणू जास्त जोरात पोहतो त्याची शिदोरी आधी संपते. म्हणून आम्ही मिश्रणात वरून साखर घालतो, हळूहळू थंड करतो, आणि द्रव नायट्रोजनमध्ये बारीक कांड्यांतून झोपवून टाकतो. जागा झाल्यावर त्याच्या अंगात पोहण्याइतकं बळ उरलं पाहिजे. एवढंच सगळं शास्त्र आहे, बाकी स्वच्छता.

बळ आहे का, हे बघायची एक जुनी युक्ती मला फार आवडते. नमुन्यात मिथिलीन ब्लूचा निळा थेंब टाकायचा आणि कोमट पाण्यात नळी धरायची. शुक्राणू जोमदार असतील तर ते श्वास घेता घेता तो निळा रंग घालवून टाकतात. चहा उकळून गाळून होईपर्यंत निळं पांढरं झालं तर वळू उत्तम. झालं नाही तर काहीतरी बिघडलं आहे. महागड्या यंत्रांच्या आधीची गोष्ट आहे, पण मी अजून करते.

त्या वर्षी आषाढात सतरा नंबरचा निळा थेंब निळाच राहिला.

आम्ही सोमवारी आणि गुरुवारी नमुने घेतो. त्या सोमवारी नळी हातात आली तेव्हा प्रमाण चांगलं भरलं होतं, नेहमीपेक्षा जास्तच, पण पातळ. पट्टीवर बघितलं तर लाट नाही. निम्म्याहून जास्त शुक्राणू शेपटीची गाठ करून जागच्या जागी गोल फिरत होते. मी नमुना टाकून दिला. गुरुवारचा ठीक आला. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या सोमवारी तेच.

शेपटीची अशी गाठ होण्याचं पहिलं कारण कोणत्याही शिकाऊ मुलीला सांगता येईल: पाणी. शुक्राणूला साधं पाणी लागलं की ते आत शिरतं, तो फुगतो आणि शेपूट वळते. म्हणून आमच्याकडे नळ्या धुऊन ओव्हनमध्ये खडखडीत वाळवतात. नळ्या धुणं आणि वाळवणं माझ्याकडे. मी दुसऱ्या कोणाला ते करू देत नाही. त्यामुळे पाण्याचा विचार माझ्या मनात आला आणि मी तो लगेच काढून टाकला. माझ्या नळ्यांना पाणी? शक्य नाही.

मग मी एक सुरेख स्पष्टीकरण तयार केलं. शुक्राणू तयार व्हायला दोनेक महिने लागतात. म्हणजे आज दिसतो आहे तो मेच्या लूचा, उन्हाळी झळांचा फटका. गुरुवार ते सोमवार चार दिवस. त्या चार दिवसांत जुना, उन्हाने मार खाल्लेला माल साठतो, म्हणून सोमवारी प्रमाण जास्त आणि बळ कमी. सोमवारी तो निघून गेला की गुरुवारी ताजा येतो. सगळं जुळत होतं. मी ते डॉक्टरसाहेबांना सांगितलं. ते केंद्राचे प्रमुख, माझ्याहून लहान, हुशार, सतत फोनवर.

‘‘मैडम, स्पष्टीकरण बढ़िया है,’’ ते म्हणाले, ‘‘लेकिन बाकी सांड भी तो उसी लू में खड़े थे।’’

‘‘बाकी सब भैंसे हैं साहब. आणि भैंसों को दिनभर पानी में रखते हैं.’’ मी हिंदी बोलताना मध्ये मराठी घुसते. त्यांना सवय आहे.

चौथ्या सोमवारीही गाठी दिसल्यावर त्यांनी कागद पुढे ओढला. नियम असा आहे की निम्मे नमुने नापास होऊ लागले की वळूचं नाव यादीतून काढायचं. मग खच्ची करून बाहेर. कुठे जाईल ते आमच्या हातात नसतं.

‘‘दो सोमवार और,’’ ते म्हणाले. ‘‘फिर मैं भी कुछ नहीं कर सकता।’’

हे चाचांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. खिडकीतूनच सांगितलं. चाचांनी पान थुंकलं, तोंड पुसलं.

‘‘महराज में कौनो कमी नहीं है, मैडम। आप लोग दूरबीन में का देखते हैं, ऊ हम नहीं जानते।’’

‘‘कमी नहीं है तो दिखनी चाहिए ना, चाचा.’’

‘‘हमको बाहर निकाल दीजिए, उनको रहने दीजिए।’’

‘‘तुम्हाला काढून काय करू? तुमचा नमुना कोण घेणार?’’ हे मी मराठीत म्हटलं, म्हणजे त्यांना अर्धंच कळलं. पण ते हसले. नंतर दिवसभर ते मला अंगणात दिसले नाहीत. वळूजवळ गोठ्यात बसून होते, असं झाडणाऱ्या बाईने सांगितलं.

मी साखरेच्या मागे लागले. माझा हिशेब सरळ होता: शिदोरी कमी पडते आहे तर शिदोरी बदलू. मिश्रणात एकच साखर घालायचे, त्या जागी दोन प्रकारच्या अर्ध्या-अर्ध्या घातल्या, बलक ताजा घेतला, आणि नमुना हातात येताच मिश्रणात जावा म्हणून सगळं आधीच कोमट करून ठेवलं. राखी होऊन गेल्यावरचा तो पाचवा सोमवार. नळी आली. पट्टीवर लाट होती. भरगच्च. निळा थेंब मी घड्याळ बघेपर्यंत फिका पडला.

खरं सांगायचं तर पट्टीवरचा थेंब मिश्रणात जाण्याआधीचा होता. म्हणजे साखरेने तिथे काही करण्याचा प्रश्नच नव्हता. हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण मला बघायचं नव्हतं. साहेब स्वतः खाली आले, सूक्ष्मदर्शकात बघितलं, म्हणाले, ‘‘मैडम, ये तो सब सांडों पर लगाते हैं। एक सोमवार और निकल जाए, मैं ऊपर लिख देता हूँ। आपका नाम जाएगा।’’ त्या दिवशी मी घरी जाताना ठठेरी बाजारातून मलाई गिलोरीची मिठाई नेली. सासूबाईंनी विचारलं, कशाबद्दल. मी म्हटलं, साखरेबद्दल.

सहावा सोमवार उजाडला. आमच्या घरात तो श्रावणातला शेवटचा सोमवार. माझा देवधर्म बेताचा, पण श्रावणी सोमवार मी धरते, सासूबाईंना बरं वाटतं म्हणून आणि वर्षातून चार दिवस पोटाला विश्रांती म्हणून. डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. चाचा नमुन्याच्या दिवशी सकाळी नळ्या न्यायला येताना खिडकीतून चहा आणि दोन बिस्किटं सरकवत. मागच्या सोमवारी साखरेच्या गडबडीत मी चहा-बिस्किटांकडे बघितलंच नव्हतं. त्या दिवशी मी चहा घेतला आणि बिस्किटं परत सरकवली.

‘‘का हुआ?’’

‘‘उपास. सोमवार.’’

‘‘सोमवार?’’ चाचा हसले. ‘‘मैडम, सावन तो राखी के दिन उतर गया। अब काहे का सोमवार? भादो चल रहा है।’’

‘‘तुम्हारा उतर गया. हमारा अमावस तक चलता है.’’

हे इकडे दर वर्षीचं आहे. इथल्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आमचा अमावास्येला. गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवसापासून त्यांचं सावन लागतं आणि आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आषाढच चालू असतो. आमचा श्रावण पंधरा दिवस मागून सुरू होतो आणि पंधरा दिवस मागून संपतो. एका गल्लीत दोन श्रावण. कावडवाल्यांच्या गर्दीने मैदागिनला बॅरिकेड लागले की सासूबाई म्हणतात, ह्यांचा लागला, आपला अजून अवकाश आहे. लहानपणापासून इथे राहिलेल्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

चाचांचा चेहरा मात्र उतरला.

‘‘अमावस तक? पक्का?’’

‘‘पक्का. विश्वनाथाला विचारा.’’

‘‘तब तो गलती हो गई।’’ ते बिस्किटांकडे बघत राहिले. ‘‘हम तो राखी को बंद कर दिए। पिछला सोमवार खाली गया। मैडम, आप पहिले बोलतीं।’’

‘‘काय बंद केलं?’’

‘‘जल।’’ त्यांनी खिशातून प्लास्टिकची छोटी बाटली काढली. ‘‘चलिए, आज चढ़ा देते हैं। कुछ तो पूरा हो जाएगा।’’

‘‘कुठे चढ़ाते हो, चाचा?’’

‘‘नली में, और कहाँ।’’

मी चहाचा कप खाली ठेवला. आठवतं ते एवढंच की मी फार हळू बोलले, कारण जोरात बोलले असते तर ते पुढचं सांगायचे थांबले असते.

त्यांनी सांगितलं. सावनचे चार सोमवार त्यांनी महराजांच्या नळीत, फक्त महराजांच्या, आचमनाच्या पळीने एक पळी गंगाजल घातलं होतं. नंतर थोडं ओतून टाकलं, थोडं राहू दिलं. सगळं काढून टाकलं तर चढवलं काय?

‘‘बाकीच्यांच्या नळीत?’’

‘‘राम-राम। ऊ सब भैंसा हैं। जमराज की सवारी। उनको गंगाजल कौन देगा?’’

‘‘आणि हे कोणी सांगितलं तुम्हाला?’’

‘‘आप ही बोली थीं।’’

मी म्हटलं होतं. नवीन आले होते तेव्हा चाचा नळीच्या तोंडात अंगठा घालून ती धरत. जंतू म्हणजे काय हे मी तीनदा समजावलं. ते मान हलवत आणि पुन्हा अंगठा घालत. शेवटी मी कंटाळून म्हटलं होतं, चाचा, हिला पूजेचं भांडं समजा. आमच्या सासूबाई सोवळ्यात असल्या की त्यांच्या भांड्याला कोणी हात लावत नाही, तसं. त्या दिवसापासून अंगठा गेला. नळी दोन बोटांनी, बाहेरून, देवाची घंटी धरावी तशी. मी स्वतःवर खूश होते. दोन-तीन नव्या मुलींनाही मी हीच युक्ती सांगितली होती.

‘‘पूजा का बर्तन है,’’ चाचा म्हणाले, ‘‘आ सावन का सोमवार है। पूजा का बर्तन खाली कैसे जाता?’’

चुकलं होतं ते माझ्या शिकवण्यात. मी स्वच्छ म्हणायच्या ऐवजी पवित्र म्हटलं, आणि सांगितलं नाही की कोरडं. पवित्र वस्तू कोरडी असते असं काशीत कोण म्हणेल?

मी त्यांना कोरडी नळी दिली. बाटली माझ्याकडे ठेवून घेतली. ‘‘आज कुछ मत डालना. कुछ भी. मैं बताती हूँ क्यों.’’ ते गेले. अर्ध्या तासाने नळी आली. लाट होती.

मग मी चाचांना आत बोलावलं. तोवरच्या नोकरीत एकाही वळूवाल्याला मी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाशी बसवलं नव्हतं. त्यांनाही आणि मलाही ते सुचलं नव्हतं. महराजांचा थेंब पट्टीवर घेतला आणि दाखवला.

‘‘ई का है?’’

‘‘महराज.’’

बराच वेळ ते डोळा लावून बसले. ‘‘ई तो मेला लगा है।’’

दुसऱ्या पट्टीवर त्याच थेंबात त्यांच्या बाटलीतलं पाणी टाकलं. तिसरीवर माझ्या बाटलीतलं, ऊर्ध्वपातित, केंद्रातलं सगळ्यात शुद्ध. दोन्हीकडे शेपट्यांच्या गाठी. तिसरी पट्टी मी मुद्दाम केली. चाचांनी गंगेवर शंका घेतली असती तर त्यांचं उरलेलं आयुष्य खराब झालं असतं, आणि ते अन्यायाचंही झालं असतं. दोष गंगेचा नव्हता. पाण्याचा होता.

‘‘गोल-गोल घूम रहे हैं,’’ ते म्हणाले.

‘‘पाणी आत शिरलं की शेपूट वळते. मग कितीही दाणापाणी असो, पुढे जाता येत नाही. जागेवर फिरून दमतात.’’

त्यांनी डोळा काढला नाही. ‘‘चार सोमवार हम अपने हाथ से।’’

‘‘तुम्ही पाणी घातलं. मी तुम्हाला सांगितलं. अर्धं-अर्धं.’’

‘‘साहब को बोलेंगी?’’

‘‘बोलावं लागेल. नाहीतर ते माझी साखर सगळ्या केंद्रांना पाठवतील.’’

मला तसं वाईट वाटलं साखरेचं. दोनेक मिनिटं. मग मी वर गेले.

साहेबांनी फोन खाली ठेवून ऐकलं, हे पहिल्यांदाच. ऐकून झाल्यावर म्हणाले, ‘‘तो मैं फाइल में क्या लिखूँ? सांड को प्रसाद लग गया?’’

‘‘लिहा, नळीत पाणी राहिलं. सूचना अपुरी होती. सूचना मेरी थी, मेरा नाम लिखिए.’’

‘‘और वो चीनी वाला?’’

‘‘वो भूल जाइए. पट्टी मैंने मिश्रण से पहले बनाई थी.’’

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. मुद्दा त्यांच्याही लक्षात आला नव्हता, हे आम्हा दोघांनाही एकदमच कळलं.

‘‘आदमी बदल दूँ?’’

‘‘बदला. मग सतरा नंबर कोणाच्या हाताला उभा राहतो ते बघा.’’

हे त्यांना माहीत होतं. चाचा रजेवर असले की महराज अंगणात येऊन बसून घेतात आणि चार माणसांना उठत नाहीत. साहेबांनी कागद काढला, चार सोमवारांवर रेघ मारली, ‘तांत्रिक दोष, पशूचा नाही’ असं हिंदीत लिहिलं आणि सही केली. सतरा नंबर यादीत राहिला. दोन साखरांचं मिश्रण मी नंतर नीट तपासलं, जुन्याच्या शेजारी ठेवून, सतरा नंबर आणि सात रेड्यांवर. फरक काही नाही. जुनंच वापरतो.

नव्या मुलींना मी आता सांगते: नळी म्हणजे नळी. आतून कोरडी, बाहेरून धरायची, आत काही घालायचं नाही, देव आले तरी. पुन्हा उपमा नको.

चाचा निवृत्त झाले आणि तिथेच राहिले. केंद्राने त्यांना रोजावर ठेवून घेतलं. प्रयोगशाळेच्या भिंतीवर मी दोन कॅलेंडरं लावली आहेत, एक इथलं आणि एक पुण्याहून दिराने पाठवलेलं. यंदा सावनच्या पहिल्या सोमवारी मी पोहोचले तेव्हा महराज अंगणाच्या टोकाला उभे होते आणि चाचा त्यांच्या वशिंडावर लोट्याने जल ओतत होते. पाणी पाठीवरून खाली गेलं. मग त्यांनी गमछ्याने महराजांना पुसलं, पाठ, पोट, मागचे पाय, सगळं, दोनदा. हात पुसले. मग खिडकीशी आले.

‘‘आपका लगा?’’

‘‘नाही. अजून पंधरा दिवस.’’

‘‘तो बिस्कुट लीजिए।’’

मी बिस्किटं घेतली आणि त्यांना नळी दिली. त्यांनी ती दोन बोटांनी धरली, उजेडाकडे करून आत बघितलं आणि गेले.